आधी वाघ, मग ताज, मग बाकीचं: कोल्हापूरहून दिल्ली–जयपूर–रणथंबोर–आग्रा सहल स्वतः आखताना

गणपती उठले की मला फोन सुरू होतात. "दिवाळीत जयपूर-आग्रा करायचं म्हणतोय, वाघपण बघायचाय. तुम्ही दोनदा जाऊन आलाय, जरा सांगा की." मी सांगते, पण तारखा ऐकतानाच कळतं की यांना उशीर झालाय. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होतं, आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून तोच आकडा आहे. दिवाळीतल्या गाड्यांचं आरक्षण साधारण गणपती बसतात त्याच सुमारास सुरू होतं. आपण तेव्हा मोदकात आणि मंडळाच्या वर्गणीत गुंतलेलो असतो. तेवढ्यात स्लीपर संपतो.

म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवते. टूर कंपनीच्या बसमध्ये चाळीस अनोळखी माणसांबरोबर न जाता घरचीच सहा-आठ माणसं, भाड्याची एक गाडी आणि आपलंच वेळापत्रक, अशी सहल पहिल्यांदाच आखणाऱ्यांसाठी हे आहे.

आधी खुंट्या, मग तंबू

नवखी माणसं सहल आखताना शहरांची यादी करतात. दिल्ली, मथुरा, आग्रा, जयपूर, उदयपूर, जमलं तर हरिद्वार. मग नकाशावर रेघ ओढतात आणि शेवटी विचारतात, "वाघ कुठं बसवायचा?" हे उलटं आहे. ज्या गोष्टी तुमच्या सोयीने हलत नाहीत त्या आधी रोवायच्या आणि बाकीची सहल त्यांना बांधायची. या फेरीत अशा तीनच खुंट्या आहेत.

पहिली सफारी. जागा मोजक्या असतात, नावावर असतात, आणि तारीख चुकली तर पैसे बहुतेक बुडाले असंच धरायचं. दुसरी शुक्रवार. ताजमहाल दर शुक्रवारी बंद असतो, वर्षभर. तिसरी सोमवार. दिल्लीत त्या दिवशी लाल किल्ला बंद, अक्षरधाम बंद, राष्ट्रीय संग्रहालयही बंद. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर मात्र सोमवारी उघडी असतात.

आमच्या पहिल्या फेरीत मी स्वतः वेळापत्रक केलं होतं, वहीत रंगीत पेनाने, आणि आम्ही आग्र्यात बरोब्बर शुक्रवारी सकाळी पोचलो. दरवाजावरच्या पोलिसाने नुसती मान हलवली. शेवटी यमुनेच्या पलीकडच्या मेहताब बागेतून ताज पाहिला. सासूबाई बाकावर बसल्या, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "लांबनं बरा दिसतोय की." घरात अजूनही मी काही ठरवायला घेतलं की कोणीतरी विचारतंच, "त्या दिवशी शुक्रवार नाही ना?"

कधी जायचं

रणथंबोरच्या वाघांच्या जंगलाचे मुख्य झोन, म्हणजे सफारीचे भाग, जुलै ते सप्टेंबर बंद असतात आणि १ ऑक्टोबरला उघडतात. एप्रिल ते जून पाणी आटतं, वाघ पाणवठ्याला येतो आणि दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. पण तेव्हा पारा ४५ च्या घरात जातो. उघड्या जिप्सीत तीन-साडेतीन तास बसायचं आणि दुसऱ्या दिवशी ताजच्या संगमरवरावर चालायचं. आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मे महिना सोडा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा छान, पण पावसाळ्यानंतर गवत उंच असतं आणि पाणी सगळीकडे असतं, त्यामुळे वाघ शोधणं अवघड जातं. २० डिसेंबर ते २० जानेवारी हा धुक्याचा काळ. गाड्या पाच-सात तास उशिरा धावणं तेव्हा नेहमीचं. सकाळी ताज बघायला गेलात तर समोर नुसती पांढरी भिंत दिसू शकते.

शाळकरी मुलं नसतील तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला आठवडा. थंडी सोसवेल इतकी, गवत वाळलेलं, भरतपूरला पाहुणे पक्षी अजून थोडेफार शिल्लक, हॉटेलांचे दर उतरलेले. मुलं शाळेत असतील तर दिवाळीच्या सुट्टीला इलाज नाही. मग भाऊबीज उरकून निघा. दिवाळीच्या ऐन दिवसांत अर्धा गुजरात राजस्थानात असतो.

किती शहरं घ्यायची

कमी. आठ-नऊ दिवस असतील तर दिल्ली, जयपूर, रणथंबोर, भरतपूर, आग्रा, बस्स. उदयपूर-जोधपूर ही वेगळी सहल आहे. जिम कॉर्बेट चांगलं आहे, पण ते दिल्लीच्या उत्तरेला उत्तराखंडात, आणि ही फेरी दक्षिणेला. दोन्ही एकत्र केलं तर दिवस गाडीतच जातील.

घरातली मोठी माणसं "एवढं लांब जातोय तर काशी करू" म्हणतातच. आग्र्याहून वाराणसी रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. सप्टेंबर २०२४ पासून आग्रा कँट ते वाराणसी वंदे भारत धावते, म्हणजे सोय झाली आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे: आपण दक्षिण काशीत राहणारी माणसं, उत्तरेतल्या काशीला निदान तीन मोकळे दिवस द्या आणि वेगळं जा. वाघामागे धावून दमलेल्या अंगाने गंगा आरतीला उभं राहण्यात अर्थ नाही.

सफारीचं बुकिंग

इथे घाई करू नका आणि उशीरही करू नका. बुकिंग राजस्थान सरकारच्या वन विभागाच्या अधिकृत पोर्टलवर होतं. तशीच नावं लावून बसलेली खासगी संकेतस्थळं भरपूर आहेत, ती दिसायलाही सरकारीच वाटतात. पत्ता सरकारी आहे का हे आधी बघा. किती दिवस आधी खिडकी उघडते याचे नियम बदलत राहतात, म्हणून जायच्या तीन-चार महिने आधीपासून लक्ष ठेवा.

वाहनं दोन प्रकारची. जिप्सी सहा जणांची, कँटर वीस जणांचा. दोन्ही उघडीच. तिकीट माणशी सीटवर मिळतं, त्यामुळे घरची सहा माणसं असतील तर आख्खी जिप्सी आपली होते. चारच असाल तर उरलेल्या दोन सीटवर कोण येईल ते नशिबावर. कँटर म्हणजे जंगलातलं वडाप. स्वस्त पडतो, उंच असतो, पण वीस माणसांत एक जण तरी वेफर्सचं पाकीट फोडतोच. जिप्सी अरुंद वाटेला जाते आणि चटकन वळते. ती मिळत असेल तर पैसे वाचवू नका. मात्र कंबरदुखी असलेल्यांना मागच्या सीटवर बसवू नका, तिथे सगळ्यात जास्त आपटतं.

दहा झोन आहेत. १ ते ५ हे जुने, आतले झोन. ६ ते १० कडेचे. पद्म तलाव आणि तलावाकाठचा जोगी महाल ३ नंबरच्या झोनमध्ये आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने २ ते ५ मधलं काही मिळवायचा प्रयत्न करावा. पण कडेच्या झोनमध्येही वाघ आहेत, आणि वाघाला झोनचे नंबर वाचता येत नाहीत.

एकच सफारी करून "वाघ दिसला नाही" म्हणत परत येणारे मी खूप पाहिले. निदान तीन घ्या. एक पहिल्या दिवशी दुपारची, दुसऱ्या दिवशी सकाळ आणि दुपार. त्यांचे झोन वेगवेगळे घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बुकिंग करताना प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर द्यावा लागतो आणि गेटवर तेच ओळखपत्र मूळ प्रतीत दाखवावं लागतं. आमच्या दुसऱ्या फेरीत जाऊबाईंचं नाव आम्ही सासरचं टाकलं. त्यांच्या आधारवर अजून माहेरचं नाव. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आधार बदलायचं राहिलं ते राहिलंच. पहाटे सहाला, कडाक्याच्या थंडीत, गेटवरच्या कर्मचाऱ्याला बँकेचं पासबुक, फोनमधला लग्नाचा फोटो, सगळं दाखवून झालं. त्याने शेवटी सोडलं, पण सोडलंच पाहिजे असं काही नव्हतं. तेव्हा तिकीट काढताना नाव विचारून लिहू नका, सगळ्यांची आधार कार्डं समोर टेबलावर मांडा आणि बघून लिहा. नातेवाइकांपैकी कोणी परदेशी पासपोर्टवाला असेल तर सफारीला आणि ताजला दोन्हीकडे त्याचा दर वेगळा, बराच जास्त असतो.

एजंटमार्फत करणार असाल तर बुकिंगची सरकारी पावतीच मागा, त्यावर वाहनाचा प्रकार आणि झोन लिहिलेला असतो. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला एजंटने जिप्सीचे पैसे घेऊन कँटरमध्ये बसवलं. पावती त्यांनी तिथे पोचल्यावर पहिल्यांदा पाहिली.

कोल्हापूरहून तिथपर्यंत

श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्टेशनला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. ती तुमच्या वारात बसली तर उत्तम. नाही बसली तर मिरजेला जा, तिथून गोवा एक्सप्रेस रोज आहे. दोन रात्री गाडीत जातात. तिचा आणखी एक फायदा पुष्कळांच्या लक्षात येत नाही: ती आग्रा कँटला थांबते. येताना दिल्लीला परत जायची गरजच नाही, आग्र्यातूनच बसा.

विमानाने जायचं तर पुणे, गोवा, बेळगाव आणि आपलं उजळाईवाडी असे चार विमानतळ ताडून पाहा. उड्डाणं मोसमागणिक बदलतात. पुण्याहून जयपूरला थेट विमान मिळालं तर फेरी जयपूरपासूनच सुरू करा. पुणे रस्त्याला साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे कुठे ना कुठे काम चालू असतंच, म्हणून पहाटेच्या विमानाला रात्रीच निघा.

आणि "आपलीच गाडी काढू की" म्हणणाऱ्यांसाठी. कोल्हापूर ते दिल्ली सोळाशे किलोमीटरच्या पुढे आहे. जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस. शिवाय दिल्लीत दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांचा प्रश्न आहे, आणि हिवाळ्यात हवा बिघडली की बीएस-४, म्हणजे जुन्या प्रदूषण नियमांतल्या, डिझेल चारचाकींवरही तात्पुरती बंदी येते. एमएच ०९ ची डिझेल गाडी घेऊन नोव्हेंबरात दिल्लीत शिरायचं धाडस मी तरी करणार नाही.

गाडी ठरवणं: इथेच पैसे जातात

गाडी दिल्लीतून घ्या, सोमवारपासून रविवारपर्यंत, सात दिवस. दिल्लीतले पहिले दोन दिवस मेट्रो आणि रिक्षावर होतात, तिथे दिवसभर गाडी उभी करून भाडं भरायचं कारण नाही.

सहा माणसं आणि बॅगा असतील तर इनोव्हा पुरते, पण बॅगा मऊ घ्या, ताठ सुटकेसा नकोत. आठच्या पुढे टेम्पो ट्रॅव्हलर. पिवळ्या पाटीची, पर्यटक परवान्याचीच गाडी घ्या. दिल्ली, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश अशी चार राज्यं होतात, खासगी पाटीची गाडी कुठेतरी अडकते.

भाव विचारताना नुसतं "किलोमीटरला किती?" विचारलं तर फसाल. बहुतेक गाडीवाले दिवसाला किमान २५० किलोमीटर लावतात. सात दिवसांचे झाले १७५०. आता प्रत्यक्ष रस्ता बघा: दिल्ली–जयपूर सुमारे २८०, जयपूर–सवाई माधोपूर (रणथंबोरला लागून असलेलं गाव) १८०, तिथून भरतपूर २२०, भरतपूर–आग्रा ५५, आग्रा–दिल्ली २३०. बेरीज ९६५. शहरांतलं फिरणं धरून बाराशेच्या आत. म्हणजे न चाललेल्या साडेपाचशे किलोमीटरचेही पैसे जातात. या फेरीत ठोक रक्कम ठरवणं बहुधा परवडतं. आग्र्यात गाडी सोडलीत तरी ती रिकामी दिल्लीला जाण्याचे किलोमीटर तुमच्याच माथी असतात, ते आधीच धरलेले असू देत.

ठोक रक्कम ठरली तरी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: टोल, पार्किंग, राज्यांचा कर आणि ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता यांपैकी काय आत, काय बाहेर. गाडीचं साल आणि मॉडेल. बिघडली तर दुसरी किती वेळात. अर्धी रक्कम आधी, उरलेली शेवटच्या दिवशी. सगळी आधी मागणाऱ्याला राम राम.

ड्रायव्हरशी पहिल्याच दिवशी, चहा पिता पिता, दोन गोष्टी बोलून घ्या. एक, "हमें किसी दुकान पर नहीं जाना." जयपूरला कापड आणि दागिने, आग्र्याला संगमरवर, प्रत्येक ठिकाणी कमिशनची दुकानं आहेत आणि तासन्तास तिथे जातात. दोन, रात्री नऊनंतर गाडी चालवायची नाही. हे त्याच्यासाठीही बरं. शेवटच्या दिवशी त्याच्या हातात काही ठेवाल ते वेगळं, पण त्याच्या जेवणाची आणि झोपायची सोय हॉटेलात आहे का, हे पहिल्या मुक्कामालाच विचारा. रात्रभर गाडीतच झोपलेला माणूस सकाळी तुमच्या पोरांना घेऊन एक्सप्रेसवेवर जाणार असतो.

वारांचा मेळ

मी आता सगळ्यांना हेच वेळापत्रक देते. गुरुवारी मिरजेहून गोवा एक्सप्रेस, शनिवारी सकाळी निजामुद्दीन. शनिवार-रविवार दिल्ली, त्यात लाल किल्ला, अक्षरधाम उरकून घ्यायचं. सोमवारी सकाळी गाडीने जयपूर. मंगळवार जयपूर. बुधवारी भल्या सकाळी निघून दुपारी बाराच्या आत सवाई माधोपूर, त्याच दिवशी दुपारची सफारी. गुरुवारी सकाळ-दुपार दोन सफारी. शुक्रवारी, ताज बंदच असतो तेव्हा, भरतपूरकडे. शनिवारी सकाळी तिथलं केवलादेव पक्षी उद्यान, दुपारी फतेहपूर सिक्री, रात्री आग्रा. रविवारी पहाटे ताज, मग किल्ला, आणि परतीची गाडी.

सवाई माधोपूर ते भरतपूर रस्ता कंटाळवाणा आहे, पाच तास धरा. दोन्ही स्टेशनं मुंबई–दिल्ली मुख्य मार्गावर आहेत, म्हणून मी तर म्हणते माणसं रेल्वेने पाठवा आणि ड्रायव्हर बॅगा घेऊन मागून येऊ दे. म्हाताऱ्या माणसांची पाठ वाचते.

मुंबईहून निघणारे असाल तर पश्चिम रेल्वेच्या गाड्या थेट सवाई माधोपूरला थांबतात. मग फेरी जंगलापासून सुरू करता येते. ताजी अंगं पहाटे चारला उठायला कुरकुर करत नाहीत.

जयपूर, थोडक्यात

१७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी वसवलेलं शहर. आमेर, जंतरमंतर, हवामहल, सिटी पॅलेस एका दिवसात होतात. सरकारी स्थळांचं एकत्रित तिकीट मिळतं, ते घ्या. आमेरला वर जायला जीप मिळते. हत्तीवर बसू नका. उन्हात, फरसबंदी चढावर तो हत्ती काय करतो ते एकदा पाहिलं की बसावंसं वाटणार नाही.

आमेर बघताना एक ध्यानात असू दे. हा मिर्झाराजे जयसिंगांचा किल्ला, पुरंदरचा १६६५ चा तह ज्यांनी केला ते. महाराजांच्या आग्राभेटीबद्दल आपल्याला जे बारकावे माहीत आहेत, त्यातले बरेचसे याच घराण्याच्या दप्तरातल्या राजस्थानी पत्रांतून आले. गाईड हे सांगत नाही, त्याला शीशमहल दाखवायची घाई असते.

जलमहाल रस्त्यावरून दिसतो, पाच मिनिटं थांबा. आमच्या दिरांनी तो पाहून "रंकाळ्यातच शालिनी पॅलेस बांधला असता तर" एवढंच म्हटलं. पहाटे वेळ असेल तर शहराला लागूनच झालाना आहे, तिथे बिबट्याची सफारी होते. रणथंबोरला सीट मिळाल्या नाहीत तर हा चांगला पर्याय.

जंगलात

राधानगरी-दाजीपूरला गवे बघितलेल्या माणसाला रणथंबोर आधी बोडकं वाटतं. आपल्यासारखी गच्च झाडी नाही. धोंकाची खुरटी झाडं, वाळलं गवत, मधूनच तलाव, आणि डोक्यावर किल्ला. पण त्यामुळेच लांबचं दिसतं.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच-सात अंश असतं आणि जिप्सी पळते तेव्हा वारा हाडात शिरतो. कोल्हापूरच्या थंडीच्या अंदाजाने एक स्वेटर घेऊन गेलात तर पस्तावाल. कानटोपी, हातमोजे, जाड मोजे, आणि हॉटेलकडून एक ब्लँकेट मागून घ्या. नऊला हे सगळं काढावं लागतं, म्हणून थर घाला. कपडे खाकी, मातकट, हिरवट. अत्तर नको. मोबाईल जंगलात वापरायला मिळणार नाही असंच धरून चला. कॅमेरा असेल तर तो न्या, नसेल तर डोळ्यांनी बघा.

आम्हाला वाघ तिसऱ्या सफारीत दिसला. पहिल्या दोन वेळा सांबर, मगर, रानडुकरं आणि टकाचोर पक्षी, जो सरळ जिप्सीच्या दांड्यावर येऊन बसतो. तिसऱ्या वेळी गाईडने धुळीतला ठसा दाखवला, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. मग वानराचा खाकरल्यासारखा आवाज आला, आणि लगेच चितळाची शिट्टी. याला तिथे "कॉल" म्हणतात. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सात-आठ मिनिटं काहीच नाही. पुतण्या कुजबुजला, "गेला वाटतं." आणि गवतातून एक वाघीण बाहेर आली, रस्ता ओलांडताना मध्येच थांबली, कानावरची माशी झटकली, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि पलीकडच्या नाल्यात उतरली. एक मिनिट असेल. परत येताना जिप्सीत कोणी बोललं नाही, आमच्या घरात हे फारच दुर्मिळ.

कॉल आला की "कुठं? कुठं?" करत उभं राहू नका. गाईडला "टायगर दिखाओ, बक्षीस देंगे" असं तर अजिबात म्हणू नका. मग तो गाड्या दामटतो आणि दहा जिप्स्या एका जनावराभोवती गोळा होतात.

मधला वेळ मोकळा मिळाला तर किल्ल्यावरच्या त्रिनेत्र गणेशाला जाऊन या. पायऱ्या बऱ्याच आहेत, आणि माकडं प्रसादाची पिशवी हिसकावतात.

भरतपूर

बहुतेक टूरवाले हे गाळतात, म्हणूनच मी आग्रहाने सांगते. केवलादेव अवघं २९ चौरस किलोमीटरचं, १९८५ पासून जागतिक वारसा. सायकल रिक्षा घ्या. इथले रिक्षावाले वर्षानुवर्षं पक्षी दाखवत आलेत, दुर्बीण न लावता झाडावरचं घुबड दाखवतात. चित्रबलाकांची वसाहत, पाणकावळे, सारसाची जोडी, उन्हाला पडलेले अजगर. आवाज न करणारं वाहन असल्याने सगळं जवळून दिसतं. आई-वडिलांना ही सकाळ वाघापेक्षा जास्त आवडते, हा माझा अनुभव.

आत दगडी पाट्यांवर जुन्या शिकारींचे आकडे कोरलेत. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले, तेही तिथे वाचायला मिळतं. सैबेरियन क्रौंच इथे शेवटचे २००२ मध्ये दिसले.

आग्रा

फतेहपूर सिक्री वाटेतच आहे. गाडी थांबली की "गाईड, गाईड" करत पोरं मागे लागतात, चादर चढवायचा आग्रह करतात. ओळखपत्र असलेला परवानाधारक गाईड घ्या नाहीतर कोणालाच घेऊ नका. बुलंद दरवाजासमोर मान वर करून उभं राहिलं तरी पैसे वसूल.

ताजचं तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढा. भारतीयांना ५० रुपये, वर मुख्य कबरीपर्यंत जायचं तर आणखी २००. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सूर्योदयाला आत जायचं तर त्याच्या अर्धा तास आधी रांगेत असा. बायकांची आणि पुरुषांची तपासणीची रांग वेगळी असते, त्यामुळे आत कुठे भेटायचं ते बाहेरच ठरवा. तिकीट तीन तास चालतं.

मग आग्र्याचा किल्ला, आणि तो घाईत बघू नका. बाहेर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथे प्रत्येक मराठी कुटुंब फोटो काढतंच. आत गेल्यावर "महाराजांना कुठं ठेवलं होतं?" असं विचारलंत तर काही गाईड खुशाल एखादी खोली दाखवतात. १६६६ मध्ये महाराज नजरकैदेत होते ते शहरात, मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग याच्या तळाजवळ. किल्ल्यात झाला तो दरबार. घरातल्या मुलांना हे आधी सांगून ठेवा, ती गाईडला बरोबर पकडतात.

बॅगेत आणि पोटात

गोळ्यांची पिशवी, टॉर्च, धुळीसाठी रुमाल, सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स. यूपीआय सगळीकडे चालतं, तरी रिक्षावाल्यांसाठी आणि बक्षिसीसाठी सुट्टे पैसे ठेवा.

दाल-बाटी, गट्ट्याची भाजी, आग्र्यात सकाळी बेढई-जिलेबी, हे खाऊन बघाच. पण चौथ्या दिवशी आपल्या माणसांना पनीर नकोसं होतं आणि तांबड्या रश्श्याच्या आठवणी निघतात. म्हणून घरची कांदा-लसूण चटणी एका घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावी. नुसत्या डाळभातावर चिमूटभर टाकली की सगळे गप्प बसतात.

फक्त तो डबा ताजला जाताना पर्समध्ये ठेवू नका. आत खाद्यपदार्थ चालत नाहीत. माझ्या पर्समधून निघाला तेव्हा तपासणीवरच्या बाईंनी झाकण उघडून नाकाजवळ नेला, दोनदा शिंकल्या आणि म्हणाल्या, "ये क्या है?" परत बॅगा ठेवायच्या खिडकीपर्यंत जाऊन यायला वीस मिनिटं गेली, आणि तोवर सूर्य घुमटाच्या वर आला होता. डबा गाडीतच ठेवा.